येलवाल ते तंजावर : दगडातले तेल आणि कावेरीचे पाणी

म्हैसूर शहर मागे टाकून हुणसूरच्या रस्त्याला लागले, की साधारण पंधरा किलोमीटरवर येलवाल येते. कानडी पाट्यांवर त्याचे नाव ‘इलवाल’ असे दिसेल. मडिकेरीला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या इथे क्वचितच थांबतात. म्हैसूरचा राजवाडा पाहिला, चामुंडीच्या टेकडीवर जाऊन आले, वृंदावन बागेतली कारंजी पाहिली, की सहल पुरी झाली असे आपण मानतो. पण मराठी माणसाने या गावात घटकाभर तरी उतरावे. कारण आपल्याच एका माणसापायी हे गाव १९५७ साली सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आले होते.

तो माणूस म्हणजे कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडमधल्या, गागोदे गावचे विनायक नरहर भावे. अर्थात विनोबा.

सगळे पक्ष एका मांडवात

१९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली. पुढे त्यातूनच ग्रामदानाची कल्पना निघाली. जमिनीची मालकी एकेकट्याची न ठेवता गावाच्या नावे करायची आणि तिचे काय करायचे हे गावाने एकत्र बसून ठरवायचे, असा तिचा साधा अर्थ. केरळातली पदयात्रा आटोपून विनोबा त्यावेळच्या म्हैसूर राज्यात आले आणि २१ व २२ सप्टेंबर १९५७ रोजी येलवालला ग्रामदान परिषद भरली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले, पंतप्रधान नेहरू आले, जयप्रकाश नारायण आले. केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपादही आले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे पुढारी एका मांडवात बसले आणि ग्रामदानाचा मार्ग अहिंसेचा व सहकाराचा आहे, त्याला पाठिंबा द्यावा, असे संयुक्त निवेदन त्यांनी काढले.

पुढे त्या चळवळीचे काय झाले, हे आपण जाणतोच. पुष्कळ ग्रामदाने कागदावरच राहिली. पण येलवालला विचारलेला प्रश्न काही जुना झाला नाही. गावच्या जमिनीचे काय करायचे हे कोणी ठरवायचे? आज हाच प्रश्न जमिनीच्या वरच्या मातीपुरता उरलेला नाही. तो खाली, दोन-तीन किलोमीटर खोल उतरला आहे. तिथे खडकात अडकलेल्या तेलापर्यंत जाऊन पोचला आहे.

पाटीच्या दगडाचा भाऊ

येलवालच्या पायाखाली मात्र तेल नाही. म्हैसूरच्या आसपासचा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेत भाजून निघालेला. तेल सापडायला गाळाचा खडक लागतो. प्राचीन समुद्राच्या, सरोवरांच्या तळाशी बारीक चिखल साचतो, त्यात सूक्ष्म जीवांचे अवशेष गाडले जातात, आणि वरच्या भाराने दाबून त्याचा पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड होतो. त्याला शेल म्हणतात. आपण लहानपणी ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली, तो पाटीचा दगड म्हणजे याच शेलचा आणखी दाबला गेलेला, भाजला गेलेला भाऊ.

शेलपासून तेल मिळवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिल्या प्रकारात तेल अजून पुरते तयारच झालेले नसते. मग दगड खणून काढायचा, भट्टीत पाचशे अंशांच्या आसपास तापवायचा आणि निघणारी वाफ गोठवून तेल गोळा करायचे. स्कॉटलंडमध्ये हा उद्योग एकोणिसाव्या शतकात सुरू झाला आणि १९६२ साली बंद पडला. एडिंबरोच्या पश्चिमेला त्याच्या तांबूस राखेच्या टेकड्या आजही उभ्या आहेत. एस्टोनिया या छोट्या देशाने तर याच दगडावर वीजघरे चालवली आणि राखेचे डोंगर रचले. दगड तापवायलाच मुळी इंधन जाळावे लागते. त्यामुळे साध्या तेलापेक्षा या तेलाच्या प्रत्येक पिंपामागे जास्त कार्बन वायू हवेत जातो.

दुसऱ्या प्रकारात तेल तयार असते, पण दगड इतका घट्ट की ते वाहत नाही. अमेरिकेत गेल्या दोन दशकांत ज्याचा गाजावाजा झाला, तो हा प्रकार. आपल्या देशात ज्या खोऱ्यांकडे त्यासाठी डोळे लागले, त्यांत खंबायत, कृष्णा-गोदावरी आणि दामोदर यांच्याबरोबर कावेरीचेही खोरे आहे. म्हणून येलवालहून आपणही कावेरीच्या काठाने खाली जाऊ.

पाण्याबरोबर मराठी मुलखात

येलवालपासून कृष्णराजसागर धरण जवळच. कूर्गातून येणारी कावेरी, हेमावती आणि हुणसूरकडून येणारी लक्ष्मणतीर्थ या तिघींचे पाणी इथे अडते. विश्वेश्वरय्यांच्या नावाशी जोडलेल्या या धरणात सुमारे ४९ टीएमसी पाणी मावते. उन्हाळ्यात त्याची पातळी किती फूट उरली, ही बातमी बंगळूरपासून चेन्नईपर्यंत श्वास रोखून वाचली जाते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तमिळनाडूचा वाटा वर्षाला १७७.२५ टीएमसी ठरवला, तो याच नदीचा.

इथून निघालेले पाणी मेट्टूरच्या धरणात विसावते, तिरुचिरापल्लीजवळ चोळांनी बांधलेल्या कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यावर येते आणि मग असंख्य कालव्यांनी तंजावरच्या भातखाचरांत पसरते. नजर जाईल तिथवर हिरवी शेते. तमिळनाडूचे हे भाताचे कोठार.

आणि इथेच मराठी कानावर पडते! शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला गादी स्थापन केली. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख पाहायला आपण जातो. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे अजूनही आहेत. कितीक पिढ्यांपूर्वी आलेल्या या मंडळींच्या ताटातला भात कावेरीच्याच पाण्यावरचा.

या भातखाचरांच्या खाली गाळाचा जाड थर आहे. गोंडवन हा जुना महाखंड फुटला तेव्हा पडलेल्या खळग्यात तो साचला. ओएनजीसी इथे गेली कित्येक दशके साध्या विहिरींनी तेल आणि वायू काढत आली आहे. नागपट्टिनमजवळच्या नरिमनमचे नाव त्यामुळेच झाले.

सहा हजार टँकरची विहीर

घट्ट शेलमधले तेल काढायचे, तर साधी विहीर पुरत नाही. आधी दोन-तीन किलोमीटर सरळ खाली भोक पाडायचे, मग ते आडवे वळवून खडकाच्या थरातून आणखी तितकेच लांब न्यायचे. पोलादी नळ आणि सिमेंटचे अस्तर बसवायचे. नंतर पाणी, वाळू आणि रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने आत सोडायचे. खडकाला भेगा पडतात, वाळूचे कण त्या उघड्या ठेवतात आणि तेल-वायू वर येतो.

अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या आकड्यांप्रमाणे अशा एका विहिरीला सुमारे ५७ लाख ते ६ कोटी लिटर पाणी लागते. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले, तर साडेपाचशेपासून सहा हजार टँकर! धरणाच्या तुलनेत हे पाणी थोडेच, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. एक तर या विहिरींचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली घसरते. म्हणून नव्या विहिरी सतत खणाव्या लागतात. त्यांची संख्या शेकड्यांनी, हजारांनी वाढत जाते. दुसरे असे, की भाताला दिलेले पाणी जमिनीत मुरते, वाफ होऊन पुन्हा पाऊस होते. विहिरीत गेलेले पाणी काही खोलवर अडकून राहते आणि काही परत येते. परत येते ते खारट, रसायने आणि खडकातले क्षार घेऊन. ते शेताला चालत नाही, गुरांना चालत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याशी आधीच झगडणाऱ्या त्रिभुज प्रदेशात असे पाणी कुठे सोडायचे?

अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी ते जमिनीच्या पोटात खोल भरले गेले. त्याचा परिणाम ओक्लाहोमा राज्याने पाहिला. जिथे वर्षाला तीन रिश्टरचे एक-दोन धक्के बसत, तिथे २०१५ साली ते नऊशेच्या घरात गेले. ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी गावाजवळ ५.८ चा धक्का बसला. फ्रान्सने २०११ सालीच अशा रीतीने खडक फोडण्यावर बंदी घातली होती.

हवेचा हिशेब

पाण्याचे नुकसान त्या त्या गावाला भोगावे लागते. हवेचे मात्र सगळ्यांना. तेलाबरोबर वर येणारा वायू वाहून न्यायला नळ नसले, की तो तिथेच पेटवून देतात. उत्तर डाकोटातल्या या ज्वाळा अवकाशातून काढलेल्या रात्रीच्या छायाचित्रांत एखाद्या शहरासारख्या दिसल्या. जो वायू न जळता निसटतो, तो त्याहून घातक. मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या पर्मियन खोऱ्याचे उपग्रहावरून मोजमाप करणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तिथे काढलेल्या वायूपैकी ३.७ टक्के निसटत होता, असे त्यात आढळले.

हवा तापली की पावसाचे वेळापत्रक बिघडते. कूर्गात पाऊस ओढ देतो, कृष्णराजसागर भरत नाही आणि तंजावरचा शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. टेक्सासची विहीर आणि येलवालचे शेत यांचे नाते असे लागते.

खोऱ्याने दिलेले उत्तर

आपल्याकडे ओएनजीसीने जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला शेल वायूची पहिली चाचणी केली. २०१३ साली केंद्राने शेलविषयीचे धोरण आणले. चाचणी विहिरी झाल्या, पण व्यापारी उत्पादन काही हाती लागलेले नाही. तरी तंजावरचा शेतकरी आधीच सावध झाला होता. मन्नारगुडी भागात कोळशाच्या थरातला मिथेन काढण्याची योजना २०१० च्या सुमारास आली. तो काढायचा तर आधी थरातले पाणी उपसावे लागते. मग आमच्या विहिरींचे काय, असे लोक विचारू लागले. सेंद्रिय शेतीचे प्रचारक नम्माळ्वार गावोगाव फिरून हेच सांगत होते. याच प्रचाराच्या फेरीत, डिसेंबर २०१३ मध्ये, त्यांचे निधन झाले.

२०१६ च्या नव्या धोरणाने एकाच परवान्यावर साधे तेल, वायू, कोळशातला मिथेन आणि शेल असे सारेच शोधण्याची मुभा दिली. लोकांचा संशय बळावला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या नेडुवासलला साध्या तेल-वायूच्या प्रकल्पाविरुद्धही धरणे सुरू झाले. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यातल्या कदिरामंगलमला नळ फुटून शेतात तेल आले. गाव रस्त्यावर आले आणि पोलिसांशी झटापट झाली.

अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेने कायदा केला. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि शेजारच्या काही भागांना संरक्षित कृषी क्षेत्र ठरवून तिथे तेल, वायू, कोळशातला मिथेन आणि शेल वायू यांसाठी नव्याने खोदकाम करायला बंदी घातली. आधीपासून चालू असलेल्या विहिरी मात्र तशाच राहिल्या.

या कायद्याचे महत्त्व समजायला एक गोष्ट माहीत हवी. आपल्या देशात शेत शेतकऱ्याचे असले, तरी त्याखालचे तेल त्याचे नसते. परवाना सरकार देते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जमीनमालकच खालच्या तेलाचा मालक असतो. त्याला पैसे मिळतात, म्हणून तो परवानगी देतो. शेजाऱ्याच्या विहिरीचे काय, हा प्रश्न मागे पडतो. एकीकडे सरकारने ठरवायचे, दुसरीकडे एकट्या मालकाने. गावाला विचारायचे, ही येलवालची वाट दोन्हीकडे नाही. कावेरीकाठच्या शेतकऱ्यांनी ती आंदोलन करून मिळवली.

आपल्या दारातला वायू

हे सारे दूरचे आहे, असे वाटत असेल तर कोकणात या. ३० मार्च २०१८ रोजी गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाच्या धक्क्याला अमेरिकेतून द्रवरूप वायू घेऊन जहाज लागले. गेल या कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या करारातले ते पहिले. अमेरिकेतला बहुतेक वायू आज शेलमधूनच निघतो. त्याआधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, अमेरिकेचे कच्चे तेल पारादीप बंदरात उतरले होते.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. रिक्षा चालायला हवी, कारखाना चालायला हवा, घरात दोन वेळा चूल पेटायला हवी. तेव्हा तेल नकोच, असे घरबसल्या म्हणणे सोपे नाही. पण तंजावरच्या भातखाचरात जे चालणार नाही, ते टेक्सासमधल्या कुणा शेतकऱ्याच्या शेजारी चालते, हे आपण जाणून असावे. जितके इंधन वाचेल, जितकी वीज सूर्यापासून आणि वाऱ्यापासून मिळेल, तितक्या विहिरी कुठेतरी कमी खणल्या जातील. आणि आपल्या गावाखाली काही सापडलेच, तर पाणी किती लागेल, ते परत कुठे जाईल आणि विहीर आटल्यावर ती बुजवणार कोण, हे तीन प्रश्न ग्रामसभेने यंत्र येण्याआधी विचारायला हवेत. यंत्र आल्यावर ते विचारून उपयोग होत नाही.

कसे जाल?

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या बस येलवालवरून जातात. कृष्णराजसागर आणि वृंदावन बागेसाठी म्हैसूरहून वेगळ्या बस आहेत. तंजावरला जायचे तर म्हैसूरहून थेट एक्स्प्रेस गाडी आहे. रात्रीचा प्रवास पडतो. कावेरी भरून वाहताना पाहायची असेल तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात जावे. तंजावरला मोठे देऊळ, राजवाडा आणि सरस्वती महाल पाहून झाल्यावर कल्लणै बंधाऱ्यावर एक संध्याकाळ जरूर राखून ठेवा.