डेल्फ्टमध्ये भेटली आजीची सायकल

डेल्फ्टच्या स्टेशनात गाडी जमिनीखाली थांबते. जिना चढून वर आलो की मान आपोआप वर जाते, कारण छतभर या गावाचा जुना नकाशा निळ्या-पांढऱ्या रंगात पसरलेला आहे. लेक घ्यायला आली होती, पण दोन सायकली घेऊन!

"आई, इथं टॅक्सी वगैरे विसर. चढ सायकलवर."

"अगं, मला तोल नाही. तुला ठाऊक आहे ना?"

हे वाक्य मी चाळीस वर्षं म्हणत आले होते. अकरा वर्षांची असताना साताऱ्यात तासाच्या भाड्यानं सायकल घेतली, वळणावर आपटले आणि हनुवटीला चार टाके पडले. घरात ठरलं, हिला तोल नाही. मीही ते मान्य केलं.

म्हणून पहिला दिवस पायीच हिंडलो. गाव छोटं असल्यानं चालत बघता येतं. मधोमध चौक, त्याच्या एका टोकाला नगरभवन, दुसऱ्या टोकाला 'नवं चर्च'. नाव नवं असलं तरी ते पाच-सहाशे वर्षांचं जुनं! डच राजघराण्यातल्या लोकांना तिथंच पुरतात. चौकाभोवतीच्या दुकानांत निळ्या नक्षीच्या बश्या मांडलेल्या असतात. चित्रकार व्हर्मीर 1632 साली याच गावात जन्मला आणि इथल्याच 'जुन्या चर्च'मध्ये चिरविश्रांती घेतोय. त्या चर्चचा मनोरा कालव्याकडे चांगलाच कलला आहे. सरळ टोकापासून जवळजवळ दोन मीटर! लोक त्याला लाडानं 'वाकडा यान' म्हणतात.

आणि सगळीकडे सायकली. ऑफिसला निघालेल्या बाया, पुढच्या पेटीत दोन-दोन मुलं बसवलेल्या आया, सत्तरीच्या आज्या. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. लेकीची सायकल पाहून मात्र मी थबकले. काळी, उंच हँडलची, चेनवर झाकण असलेली. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या सायकलची बहीणच! दोघींचं मूळ जुन्या इंग्रजी सायकलीत आहे. या बिनदांडीच्या बायकी सायकलला इथं 'ओमाफीट्स' म्हणजे आजीची सायकल म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं छत्री आणि खडू आणला. हँडलचा दांडा ज्या तिरक्या रेषेत खाली येतो, त्याच रेषेत तिनं छत्री धरली आणि छत्रीचं टोक फरशीवर जिथं टेकलं तिथं फुली मारली. दुसरी फुली पुढचं चाक जिथं जमिनीला टेकतं तिथं. ही दुसरी फुली पहिलीच्या मागे होती, तीन-चार बोटांवर.

"सगळी जादू या सहा सेंटिमीटरांत आहे," ती म्हणाली. "याला ट्रेल म्हणतात. ऑफिसच्या खुर्चीचं चाक कसं आपल्या खुंटीच्या मागे-मागे फरपटतं, तसं हे चाक हँडलच्या रेषेमागून येतं, म्हणून सरळ राहतं."

मग तिनं सायकल सीटला धरून डावीकडे कलती केली. हँडल आपोआप डावीकडे वळलं! सायकल ज्या बाजूला पडायला लागते त्याच बाजूला चाक वळतं आणि तोल सावरतो. बिचाऱ्या 'वाकड्या यान'ला ही सोय नाही.

"पण चिमटा खाली असा पुढे वाकवलेला का? धक्के बसू नयेत म्हणून ना?" मी विचारलं.

"थोडासा त्यासाठीही. पण खरं काम निराळं आहे. दांडा इतका तिरका आहे की बाक नसता तर हे अंतर चौदा सेंटिमीटर झालं असतं. बाक जास्त तर अंतर कमी आणि हँडल हलकं. बाक कमी तर अंतर जास्त आणि हँडल जड. सावकाश जाताना ते एका बाजूला लोळतं. शर्यतीच्या सायकलीत दांडा उभा आणि बाक कमी, म्हणून तिथंही हे अंतर साधारण एवढंच."

माझ्या डोळ्यांपुढे ती साताऱ्याची सायकल आली. ती आधी कुठंतरी समोरून धडकली होती. चिमटा मागे दबलेला, हँडल जड, आणि वळताना पुढचं चाक माझ्या बुटाला घासायचं. त्या दिवशीही घासलं होतं. म्हणजे बाक गेलेला होता, आणि दोष मात्र माझ्या तोलाला दिला गेला!

गंमत म्हणजे हे कोडं शास्त्रज्ञांनाही सहज सुटलेलं नाही. डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं 1970 साली मुद्दाम 'चालवता येणार नाहीत' अशा सायकली बनवून पाहिल्या. चाक चार इंच पुढे नेलेली सायकल त्याला सर्वांत अवघड गेली. पुढे 2011 साली डेल्फ्टच्याच विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या संशोधकांनी एक छोटी सायकल केली. तिच्यात हे अंतर किंचित उलटं होतं, फिरत्या चाकांचा परिणामही रद्द केलेला होता, तरी ती माणसाविना तोल सांभाळत पळाली. वजन कुठं ठेवलंय, यावरही तोल अवलंबून असतो, हे त्यातून दिसलं. कारण एकच नाही, पण नेहमीच्या सायकलीत हे चार बोटांचं अंतर बिघडवून चालत नाही.

संध्याकाळी कालव्याकाठी मी आजीच्या सायकलवर चढले. पहिल्यांदा घाबरून पाय उलटे फिरवले तर सायकल गचकन थांबली. तिचा ब्रेक पेडलमध्येच होता! लेक हसली, मीही हसले. दुसऱ्या खेपेला मात्र हँडल आपलं आपण सावरत गेलं आणि मी पूल ओलांडून पलीकडे पोहोचले.

मुलांसाठी जुनी सायकल घेताना एवढं जरूर पाहा. बाजूनं बघितल्यावर चिमट्याचा वरचा भाग हँडलच्या दांड्याच्या रेषेत हवा आणि खालची टोकं पुढे हवीत. पाय पेडलवर ठेवून हँडल वळवा, चाक बुटाला घासता कामा नये. आणि मूल पडलंच, तर 'याला तोल नाही' म्हणण्याआधी एकदा सायकलकडे बघा.