सव्वाशे ग्रॅम पाव

आम्ही दोघांनी एम.ए.च्या विद्यार्थ्यांसमवेत एक लेखन-खेळ मांडला होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्याच्याच तोंडून बोलायचे आणि वेढ्यात तगून राहायचे. वेढा लेनिनग्राडचा, १९४१च्या हिवाळ्यातला. आमच्यापैकी एकाकडे आघाडीवरून निरोप घेऊन शहरात आलेला सैनिक होता, दुसरीकडे ग्रंथालयातली कारकून बाई.

पहिल्याच बैठकीत सैनिकाने आपला पाव बाईला देऊन टाकला. वर्ग हेलावला, आम्हांला मात्र ते खोटे वाटले, आणि खोटेपणा आमचाच होता. २० नोव्हेंबरपासून कारकून, आश्रित व मुले यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, कामगाराला २५०, आघाडीवरच्या सैनिकाला ५००. त्या पावातही सेल्युलोज आणि सरकीची पेंड. हा हिशेब ठाऊक असलेल्या सैनिकाच्या मनात करुणेआधी संकोच यायला हवा. आपण हिच्या चौपट खातो, हे तो जाणतो, तीही जाणते. आणि एवढे खाऊन तोही उपाशीच!

पुनर्लेखनात बाईने मेलेल्या आईचे शिधापत्रक महिनाअखेरपर्यंत लपवले. "ही तर चोर झाली," एक विद्यार्थिनी म्हणाली. ते वगळावे की ठेवावे, यावरून आमच्यात चार दिवस अबोला होता (प्राध्यापकही रुसतात). आमच्यापैकी एकीची आई त्याच वर्षी गेली होती. तिला ते वाक्य लिहवेना. अखेर ते दुसऱ्याने लिहिले.

पुढच्या बैठकीत सैनिकाने ताटलीतले दोन तुकडे पाहिले, आणि आईची विचारपूस केली नाही.