आधी पडायला शिका!

मुला-मुलींनो, एक खरं सांगू? आयुष्यातली पहिली कुस्ती मी पहिल्याच डावात जिंकलो, आणि त्याची शिक्षा दीड महिना भोगली!

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कराडजवळचं. गोळेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर. गोळेश्वर म्हणजे खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक देणारे खाशाबा! त्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या प्रत्येक पोराला आपण पैलवान व्हावंसं वाटायचं. मलाही वाटलं.

मी सातवीत होतो. दिवाळीच्या सुटीत मामाकडे सांगलीला गेलो होतो. परत येताना एसटी स्टँडवर कुस्तीच्या डावांचं एक पातळसं पुस्तक दिसलं. आत चित्रंच चित्रं! ओवाळणीचे सगळे पैसे त्यात गेले. एसटी कराडला पोचेपर्यंत ढाक, एकलंगी, कलाजंग अशी कितीतरी नावं पाठ झाली होती.

घरी येताच धाकट्या भावाला अंगणात उभं केलं. धोबीपछाड चित्रात अगदी सोपा दिसत होता. समोरच्याचा हात आपल्या खांद्यावरून ओढायचा, वळून आपली पाठ त्याच्या पोटाशी न्यायची आणि धोबी कपडा आपटतो तसं त्याला पुढं टाकायचं. मी तसंच केलं. डाव झकास लागला! पण पडताना भावानं जमिनीवर हात टेकला आणि त्याचं मनगट मोडलं. उजवा हात दीड महिना प्लॅस्टरमध्ये. तेवढे दिवस त्याचं दप्तर मी वाहिलं आणि त्याचा गृहपाठही मीच लिहिला.

वडिलांनी मारलं नाही. ते मला पुस्तकासकट तालमीत घेऊन गेले. वस्तादांनी पानं चाळली आणि म्हणाले, "डाव बरोबर छापल्यात रं. पर ह्यात पडायचं कुठं शिकवलंय?"

मी सगळं पुस्तक पालथं घातलं. एका ओळीतसुद्धा ते नव्हतं.

ही गोष्ट आज आठवायचं कारण म्हणजे त्याच भावाची आठवीतली लेक. तो आता सांगलीत राहतो. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा पटकावली. तेव्हापासून पुतणीच्या डोक्यात कुस्ती शिरली आहे. परवा मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. "काका, हे बघ ब्राझिलियन जिउ-जित्सू. मी घरीच शिकणार. यातले कुठले व्हिडिओ बघू? का पुस्तक आणू?" भाऊ बाजूला बसून मनगट चोळत हसत होता!

मी तिला चार प्रश्न दिले. तुम्हीही पुस्तक किंवा व्हिडिओ निवडताना तेच विचारा.

पहिला प्रश्न : हे माझ्याच खेळाचं आहे का? मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की चीत, खेळ संपला! जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला खेळाडू पायांनी समोरच्याला अडवून तिथूनच लढतो. हा खेळ जपानी ज्यूदोतून आला. मित्सुयो माएदा नावाचे ज्यूदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला गेले. तिथं ग्रेसी घराण्यातला मुलगा त्यांच्याकडे शिकला, आणि पुढं त्या घराण्यानं जमिनीवरची लढत वाढवली. म्हणजे एका खेळातली हार ही दुसऱ्या खेळातली सुरुवात! खाशाबाही मातीत तयार झालेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला मॅट आणि तिथले नियम त्यांना नवखे होते. तरी त्यांचा सहावा क्रमांक आला. मग मॅटवरची कुस्ती अंगात मुरवली, तेव्हा चार वर्षांनी पदक आलं.

दुसरा प्रश्न : यात पडायला शिकवलंय का? ज्यूदोत नवख्याला आधी हेच शिकवतात. त्याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीकडे ओढायची म्हणजे डोकं आपटत नाही. हात टेकून अंग सावरायचं नाही, तर तळवा आणि कोपरापर्यंतचा हात एकदम सपाट जमिनीवर मारायचा. माझ्या भावाला एवढं येत असतं, तर त्याचं मनगट वाचलं असतं.

तिसरा प्रश्न : थोडं पण पुरतं दाखवलंय का? शंभर डावांच्या पुस्तकापेक्षा पाचच डाव नीट सांगणारं पुस्तक बरं. पाय कुठं, पकड कुठं, अंगाचा भार कुठं, आणि नवखा हमखास कुठं चुकतो, हे त्यात हवं. डावाबरोबर त्याची तोडही हवी. व्हिडिओ असेल तर तोच डाव दोन बाजूंनी आणि सावकाश दाखवलेला हवा.

चौथा प्रश्न : थांबायचं कधी, हे सांगितलंय का? जिउ-जित्सूत जोडीदारानं हातानं थोपटलं की तत्क्षणी सोडायचं. हे न सांगणारा व्हिडिओ बंद करा! आणि गळा आवळायचे किंवा सांधा पिळायचे डाव घरी करायचेच नाहीत. भावंडांवर तर मुळीच नाही.

मग घरी करायचं काय? पुष्कळ आहे! जोर-बैठका मारा. जाड गादीवर आधी बसून, मग उकिडवं होऊन मागं पडायचा सराव करा. उताणं झोपून एका पायानं रेटा द्या आणि कोळंबीसारखं वाकून कंबर मागं सरकवा. जिउ-जित्सूत सुटकेची सुरुवात इथूनच होते. एक वही करा. आज काय शिकलो, कुठं अडलं, ते त्यात लिहा आणि ती वही घेऊन शिकवणाऱ्यांकडे जा. पुस्तक तालमीच्या आधी वाचावं आणि नंतर पुन्हा उघडावं. मधल्या वेळेला मात्र हाडामांसाचा जोडीदार आणि जागेवर चूक धरणारा वस्तादच लागतो.

पालकांनाही एक विनंती. महागडे संच आणण्याआधी मुलांना जवळच्या तालमीत किंवा ज्यूदोच्या वर्गात घेऊन जा. तिथं नवख्या मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवतात, ते तासभर बसून बघा. लगेच डाव शिकवत असतील, तर दुसरी जागा शोधा.

पुतणी पंधरा दिवस गादीवर नुसती पडते आहे. काल तिनं विचारलं, "काका, पाडायला कधी शिकायचं?"

मी काही बोलायच्या आतच भाऊ म्हणाला, "अजून थोडी पड. तुझ्या काकानं ते राहू दिलं होतं!"