बमरोलीची उलटी होडी

सुरत शहराच्या दक्षिण भागात बमरोली नावाची एक वस्ती आहे. गेल्या वैशाखात एका स्नेह्याच्या मुलीच्या लग्नानिमित्त तेथे जाण्याचा योग आला. लग्न थाटात पार पडले. परंतु परत येताना मनात घर करून राहिली ती एका शेडखाली उलटी घातलेली जुनी होडी.

वसई रोडला गाडी धरली की पालघर, डहाणू, वापी, वलसाड, नवसारी अशी स्थानके मागे पडत उधना येते. येथून एक फाटा जळगावकडे जातो. त्याच लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे कापडधंद्यात पोट भरावयास सुरतेस आली. त्यामुळे या भागात वाटेवर मराठी बोल सहज कानी पडतात, आणि शहरात महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. बमरोलीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. अशा कापडाच्या गावी होडी कशी आली, असा प्रश्न वाचकांस पडेल. मलाही पडला.

स्नेह्याच्या घरामागे एका वृद्ध खानदेशी कारागिराची शेड आहे. फायबरचे दरवाजे आणि टाक्या करणे हा त्यांचा व्यवसाय. तापीच्या मुखाकडे जाळे टाकणाऱ्या एका माच्छी गृहस्थाने आपली छोटी होडी टेम्पोत घालून तेथे आणली होती. "पाव्हणे, येथे माग चालतात ते पॉलिस्टरच्या धाग्यावर," कारागीर मला म्हणाले, "आणि ही होडी म्हणजेही कापडच. काचेच्या तंतूंचे कापड पॉलिस्टरच्याच जातीच्या रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसविले, की झाली होडी!"

या थरांवर बाहेरून जो रंगीत, गुळगुळीत लेप असतो, त्यास जेलकोट म्हणतात. तोही रेझिनचाच; जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. आपल्या अंगावर कातडी, तसा होडीवर जेलकोट. उन्हाने तो फिका पडतो आणि हात फिरविला तर पांढरी भुकटी लागते. एवढेच झाले असेल तर रंगाचीही गरज नसते. घोटून, पॉलिश करून मेण चढविले की काम भागते. जेलकोट शाबूत असून अगदीच निस्तेज झाला असेल, तर दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग पुरतो. मात्र जेथे तो तडकला किंवा झिजून आतील काचकापड दिसू लागले, तेथे रंगाचा पातळ पापुद्रा काय कामाचा? तेथे नवा जेलकोटच हवा.

या होडीच्या तळावर मात्र वाटाण्याएवढे फोड आले होते. कारागिरांनी एक फोड टोकरला. आतून चिकट पाणी आले आणि त्यास शिरक्यासारखा आंबूस वास होता. वर्षानुवर्षे पाणी जेलकोटमधून कणाकणाने झिरपते आणि आतील रेझिन कुजविते, त्याचीच ही खूण.

"काका, वरून रंग मारून द्या. पाऊस लागण्यापूर्वीचे थोडे दिवस हाती आहेत. एवढ्यात कमावले नाही तर घरी चार तोंडे आहेत," माच्छी गृहस्थ काकुळतीने म्हणाले.

कारागिरांनी प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा तळास चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसविला. दुसऱ्या दिवशी तो आतून दवाने भरलेला दिसला. "भाई, होडी अजून ओली आहे. ओल्यावर लेप दिला तर मी आज पैसे घेईन आणि तू पुढल्या वर्षी पुन्हा येशील. आणि मध्येच भर पाण्यात थर सुटले तर?"

मी खाली मान घातली. दोन वर्षांपूर्वी माझ्या होडीवर असेच फोड आले असता, घाईघाईने त्यांवर रंग फासून मी ती पाण्यात लोटली होती. लोकांनी रंगाची वाखाणणी केली. एका पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे निघाले आणि फोड पहिल्याहून मोठे झाले होते.

माच्छी गृहस्थ बराच वेळ उगी राहिले. शेवटी, तोवर भावाच्या होडीवर जाईन, असे म्हणून उठले. मग फोड उघडण्यात आले. होडी गोड्या पाण्याने वरचेवर धुऊन सावलीत वाळत ठेवण्यात आली. पुढील रीत कारागिरांनी मला समजावून सांगितली. प्रथम ॲसिटोनने जुने मेण पुसावे, मगच घासावे. नाहीतर मेण घासण्याबरोबर आतच मुरते. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात करावी. खड्डे भरावेत, परंतु वर जेलकोट द्यावयाचा असेल तर एपॉक्सीची पुट्टी टाळावी. तिच्यावर जेलकोट नीट धरत नाही. हार्डनर शेकडा १ ते २ एवढाच. वैशाखाच्या उन्हात हात आखडताच ठेवावा, नाहीतर भांड्यातच दगड होतो. हवा लागली तर जेलकोटचा वरचा पदर चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हातात मेण मिसळतात. तो सुकल्यावर ४०० पासून १००० नंबरपर्यंत ओले घासून चकाकी आणावी.

"आणि एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले, "हार्डनर आणि कोबाल्ट यांची गाठ थेट कधी घालू नका, भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाते. चष्मा, हातमोजे आणि तोंडावर मास्क असल्याखेरीज पोरांना जवळ फिरकू देऊ नका."

घरी परतल्यावर नव्या रंगाचा डबा मी फळीवर ठेवून दिला आणि माझ्या होडीच्या तळास प्लास्टिकचा एक चौकोन चिकटविला. सकाळी पाहतो तो आतून थेंब साचलेले! यंदा होडी पाण्यात उशिराच उतरेल. घरात थोडी ओढ बसेल, हेही पत्नीस सांगून टाकले. ती म्हणाली, "बसू दे. तुम्ही समुद्रात असता तेव्हा मला झोप तरी लागेल."