सुईचे नेढे आणि शेवग्याचा पाला

आपल्या मराठी भाषेला डोळ्यांची फार काळजी. कुणाची वाट पाहताना आपण डोळ्यांच्या वाती करतो, राखण करताना डोळ्यांत तेल घालतो, आणि म्हातारी माणसे डोळे मिटण्याआधी नातसून पाहू इच्छितात. भाषेतली ही काळजी घरात मात्र फारशी उतरत नाही. पाठ दुखली तर शेक मिळतो, ताप आला तर काढा मिळतो. अधू होणारा डोळा बहुधा दुखत नाही, रडत नाही. म्हणून त्याची पाळी सर्वांत शेवटी येते. आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांची पाळी तर त्याही नंतर.

मी आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. वडील दुसऱ्याच्या रानात कामाला जातात आणि आई गावातल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावते, ब्लाउजला हातशिलाई करते. तेव्हा माझी फी कुठून येते, असे कोणी विचारलेच तर सुईच्या नेढ्यातून येते, असे उत्तर द्यावे लागेल. दोन वर्षांपूर्वी त्या नेढ्यात दोरा जाईनासा झाला. आई सुई हातभर लांब धरी, दोऱ्याचे टोक ओठांत ओले करी, उंबऱ्यावर उजेडात जाऊन बसे. शेवटी धाकट्या भावाला हाक मारी. तिचे वय तेव्हा एकोणचाळीस. ती म्हणाली, "माझं डोळं गेलं बघ आता. हे काम काय आता हुईत न्हाय."

शेजारणींनी सल्ले दिले. एकीने गाजरे खायला सांगितली, दुसरीने डोळ्यांत मध घालायला. तिसरी म्हणाली, "चष्मा तेवढा लावू नगंस, एकदा लावला की नंबर वाढतच जातोय." तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणाऱ्या बाईंनी मात्र दहा मिनिटांत उलगडा केला. डोळ्यात एक भिंग असते. ते लवचीक असते, म्हणून जवळचे व दूरचे दोन्ही दिसते. वयाच्या चाळिशीच्या सुमारास ते ताठर होऊ लागते व जवळचे अंधूक होते. हा आजार नव्हे, केस पिकावेत तसे हे वय आहे. गाजराने ते भिंग मऊ होत नाही, आणि चष्म्याने नंबर वाढत नाही. तो वयाबरोबर वाढायचा तेवढा वाढतोच. मध तर डोळ्यांत मुळीच घालू नये, त्याने डोळ्याला इजा होऊ शकते. आपल्या भाषेने या चष्म्याला 'चाळिशी' असे नावच देऊन ठेवले आहे. तरीही बायका ती लावायला लाजतात, हे नवल. आईने चाळिशी लावली आणि त्या रात्री दोन साड्यांचे फॉल पुरे केले.

मग गाजर खाण्याचा डोळ्यांशी काही संबंधच नाही की काय? याचे उत्तर मला आमच्या आज्जीकडे मिळाले. १९७२ च्या दुष्काळात आज्जी चौदा वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर ती आपल्या आईबरोबर जाई. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी यांवर घरे तगली होती. रानात हिरवे पान उरले नव्हते, दुभती जनावरे चाऱ्यावाचून गेली होती. "दिवस बुडाला की माझा धाकटा भाऊ भिताड धरून बसायचा," आज्जी सांगते. "दिसतंय का म्हटलं तर न्हाय म्हणायचा. सकाळी उठला की पुन्यांदा खेळाया पळायचा. आम्हाला वाटायचं, पोरगं सोंग करतंय." मग कुणा म्हाताऱ्याने शेळीचे काळीज भाजून घालायला सांगितले. पाऊस पडल्यावर बांधावर तांदुळजा उगवला, शेवगा फुटला, आणि पोराचे डोळे सुधारले.

ते सोंग नव्हते, तो रातांधळेपणा होता. ग्रंथालयात शोधल्यावर त्यातले कोडे सुटले. डोळ्याच्या पडद्यावर मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशी असतात. त्यांतले प्रकाश टिपणारे द्रव्य तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. हे रसायन उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शरीर अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात करते. म्हणून पाला नाहीसा झाल्याबरोबर डोळे जात नाहीत. काही महिने साठ्यावर निभावते आणि मग दिवेलागणीला मूल चाचपडू लागते. शेळीचे काळीज म्हणजे तरी काय? यकृतच. पुस्तक न वाचलेल्या त्या म्हाताऱ्याने नेमका साठाच शोधून काढला होता. दुर्लक्ष झाले तर पुढे डोळा कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके येतात, आणि शेवटी बुबुळ मऊ होऊन कायमचे अंधत्व येते. ते टाळण्यासाठी आपल्या देशात १९७० साली लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आज नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत असे नऊ डोस तोंडाने देतात. त्यावाचून आपण मनानेच गोळ्या खाऊ नयेत. जास्त झालेले अ जीवनसत्त्वही यकृतातच साठते आणि अपाय करते.

शेवग्याचा पाला, तांदुळजा, राजगिरा, चाकवत, मेथी, पिकलेला आंबा, पपई, लाल भोपळा, गाजर या सर्वांत असा पदार्थ असतो की ज्याचे शरीर अ जीवनसत्त्व बनवते. मात्र तो अंगी लागायला थोडी चरबी लागते. म्हणजे भाजीला दिलेली तेलाची फोडणी नुसती चवीची नव्हे. तेव्हा तेल डोळ्यांत घालण्यापेक्षा भाजीत घातलेले बरे!

इथे मला एक गोष्ट खटकते. पालेभाजी शिजली की आटते, टोपलीभर पाला मूठभर होतो. ती मूठ आधी वडिलांच्या ताटात जाते, मग भावाच्या, मग माझ्या. आई कढईत भाकरी पुसून घेते. गरोदरपणी आणि मूल अंगावर पीत असताना बाईला हे जीवनसत्त्व अधिक लागते. नेमक्या त्याच दिवसांत कित्येक घरांत तिच्या वाट्याला कढई येते. आमच्या घरी आता भाजी आधी पाच वाटण्यांत वाढून ठेवतात. आज्जीने सुरुवातीला नाक मुरडले. पण दुष्काळाची आठवण तिचीच असल्यामुळे तिला फार बोलता आले नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपण कॉलेजकुमार-कुमारींनी वसतिगृहातल्या मंद दिव्याला फार दोष देऊ नये. अंधूक उजेडात वाचल्याने डोळे थकतात, पण कायमचे बिघडत नाहीत. खरा प्रश्न आहे तो तासन् तास जवळ पाहण्याचा. मोबाईलकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे, असे डॉक्टर सांगतात. आपल्या वर्गाच्या खिडकीतली चिंच त्याच अंतरावर आहे. ज्यांची लहान भावंडे आहेत त्यांनी त्यांना रोज दोन तास तरी उघड्यावर खेळू द्यावे. मोकळ्या उजेडात वाढणाऱ्या मुलांना दूरचे न दिसण्याचा दोष कमी जडतो, असे अभ्यासांत आढळले आहे. लागलेला चष्मा मात्र खेळाने सुटत नाही आणि पाल्यानेही सुटत नाही. घरात मधुमेही माणूस असेल तर त्याचे डोळे वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. मधुमेहाने पडद्याला होणारी इजा आधी कळत नाही, आणि कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

हे लिहिताना मी काही डॉक्टर नाही, साधी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. पण माझ्यासारखी पहिल्यांदाच शिकणारी कितीतरी मुलेमुली या वर्गांत आहेत आणि त्यांची पुस्तके कुणाच्या तरी डोळ्यांच्या कमाईवर आली आहेत. कुणाची आई तांदूळ निवडते, कुणाची विड्या वळते, कुणाची गोधड्या शिवते. मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत घरी गेलात की तिच्या हातात सुई-दोरा देऊन पाहा. आणि जेवायला बसाल तेव्हा भाजीच्या कढईत तिच्यासाठी काय उरले आहे, तेही पाहा.