एकोणतीस अंकांची संख्या

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या गोम्मटसार जीवकांडात पर्याप्त मनुष्यांचे प्रमाण म्हणून ही संख्या आली आहे.

तिची घडण मात्र सरळ आहे. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६. याप्रमाणे वर्गाचा वर्ग करीत गेल्यास पाचवा वर्ग ४२९४९६७२९६ येतो आणि सहावा वीस अंकांचा. या दोहोंचा गुणाकार म्हणजेच ही संख्या. एखादी राशी किती वेळा निम्मी केली असता एक उरतो, त्या गणतीला आपले आचार्य ‘अर्धच्छेद’ म्हणतात. पाचव्या वर्गाचे अर्धच्छेद ३२, सहाव्याचे ६४. म्हणून गुणाकाराचे ९६. गुणाकारासाठी अर्धच्छेदांची बेरीज करावी, हा नियम नवव्या शतकातील धवला टीकेत आहे. आज शाळेत लॉगॅरिदम शिकताना मुले तोच नियम वापरतात.

नित्य स्वाध्याय करणाऱ्या एका आजोबांनी आपल्या नातीला ही संख्या दुकानाच्या जुन्या वहीवर निम्मी करायला दिली. दोन संध्याकाळी खपून तिने ९६ पायऱ्या उतरल्या. कोठेही बाकी न राहता शेवटी एक उरला. मग तिने विचारले, “आजोबा, एवढी माणसे राहतील तरी कोठे?”

घरातील कोणी म्हणाले, शास्त्रात लिहिले आहे, त्यावर शंका घेऊ नये. आजोबांनी मात्र डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेल्या धवलेचा तिसरा खंड काढला. अमरावतीहून १९३९ मध्ये पहिला खंड निघालेली ती मालिका त्यांनी जपून ठेवली होती.

षट्खंडागमाच्या सूत्रात या मनुष्यराशीची मर्यादा दिली आहे: कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली. ही वरची मर्यादा म्हणजे एकावर २८ शून्ये. तिचे अंकही एकोणतीसच. पण आपली संख्या तिच्या जवळजवळ आठपट आहे. केवळ अंक मोजणाऱ्याला हा भेद दिसत नाही. आचार्य वीरसेनांना तो दिसला. त्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढून पाहिले आणि इतके मनुष्य त्यात मावू शकत नाहीत, म्हणून ती मोठी संख्या ग्राह्य नाही, असे प्रतिपादन केले.

नातीचा प्रश्न हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी एका आचार्यांनीच विचारला होता.

वीरसेनांची आगमावरील श्रद्धा या गणिताने उणी झाली नाही. पुढे गोम्मटसारातही ती संख्या राहिली. परंपरेने दोन्ही मते जपली आणि ती ताडून पाहण्याचे काम अभ्यासकावर सोपविले. पाठशाळेत आज एखादे मूल असा प्रश्न विचारील, तेव्हा त्याला गप्प बसविणे सोपे असते. त्याच्या हाती कागद आणि पेन्सिल देणे हे वीरसेनांच्या मार्गाला अधिक धरून होईल.