हिवानंतरची बाग

२०२१ च्या फेब्रुवारीच्या मध्यास ध्रुवप्रदेशातील शीत हवा थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरली आणि १६ तारखेच्या पहाटे आमच्या ह्यूस्टन नगरीत पारा उणे १० अंश सेल्सिअसच्याही खाली गेला. टेक्सासमधील लाखो घरांची वीज त्या दिवसांत गेली, नळ फुटले, माणसे दगावली. त्या आपत्तीची कैफियत पुष्कळांनी मांडली आहे. मला सांगावयाचे आहे ते बर्फ वितळल्यानंतरचे, आमच्या परसबागेचे.

देश सोडून आलेल्या माणसाने हौसेने जे जे लावावे ते सारे त्या बागेत होते: कढीलिंब, मोगरा, जास्वंद, कुंपणालगत केळी, वृंदावनात तुळस आणि आग्नेय कोपऱ्यात संत्र्याचे एक कलम. ऊन पडले तेव्हा यांतील एकही हिरवे उरले नव्हते. गोठणीत पेशींच्या दरम्यानच्या अवकाशात बर्फाचे स्फटिक बनतात, ते पेशींतील पाणी ओढून घेतात, पेशींचे पटल फाटते आणि उष्मा परतताच आतील द्रव झिरपून पान काळे व लिबलिबीत होते. हे ज्ञान असूनही, ज्या कढीलिंबाच्या पानांनी रोजची फोडणी होत असे त्याची काळवंडलेली काठी पाहताना माझ्या घशाशी हुंदका आला.

निफाडला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवण्यात आणि वेलींना पाणी देण्यात त्यांचे आयुष्य गेले. दूरध्वनीवर ते एवढेच म्हणाले, "एवढ्यात कात्री लावू नकोस. बुडाला ओल ठेव आणि फूट दिसेपर्यंत थांब." आसपासच्या अंगणांतून करवतींचा आवाज येत असताना हा सल्ला पाळणे सोपे नव्हते; परंतु त्यामागे शास्त्र आहे. छाटणीने झाड नव्या फुटीस उद्युक्त होते, आणि आमच्याकडे मार्चपर्यंत पुन्हा हिव पडण्याचा धोका असल्यामुळे ती कोवळी फूट जळाली तर मुळांत उरलेला साठाही व्यर्थ खर्ची पडतो. वरची मृत पाने दिसावयास कुरूप असली तरी खालच्या जिवंत भागास पांघरुणासारखी उपयोगी पडतात. केळींची गोष्ट मात्र निराळी होती. त्यांचे बुंधे सडून दुर्गंधी सुटू लागली, तेव्हा ते घट्ट गाभा लागेपर्यंत कापले, आणि कंदातून नवे पोंगे यथावकाश वर आले.

मार्च सरल्यावर मी नखाने तपास आरंभिला. फांदीच्या शेंड्याकडून बुंध्याकडे येत साल किंचित खरवडावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत, तपकिरी व कोरडा दिसला तर मृत. मोगऱ्याच्या काड्या जमिनीपासून वितभर उंचीपर्यंत हिरव्या निघाल्या. जास्वंदीत मुळापर्यंत कोठेही ओल सापडली नाही. कढीलिंबाच्या काठीत जीव नव्हता, तरीही त्याचा निकाल मी तहकूब ठेवला. मे महिन्यात मातीतून तांबूस कोंब निघाले आणि एक पान चुरगळताच तोच ओळखीचा दर्प हाताला लागला. तुळस गेली, पण तिच्या झडलेल्या मंजिऱ्यांतून रोपे उगवली.

संत्र्याच्या बाबतीत अधिक जागरूक राहावे लागले. त्याच्या बुंध्यातून जोमदार, काटेरी फुटवे निघाले तेव्हा घरातील सर्वांना आनंद झाला. परंतु प्रत्येक पानास तीन दले होती, म्हणजे ती फूट सांध्याखालच्या खुंटाची होती, गोड संत्र्याची नव्हे. सांध्याच्या वर काही उगवले नाही आणि ते झाड आम्हांस काढावे लागले. त्याचे दुःख मला अद्याप आहे.

ज्यांच्या अंगणात असे हिव पडेल त्यांस माझी विनंती आहे की, सडणारा मऊ भाग तेवढा तत्काळ काढावा, मुळांशी आच्छादन व ओल राखावी, नवी पालवी स्थिरावेपर्यंत खत देऊ नये, आणि लाकडी खोडाचे झाड निदान उन्हाळा उलटेपर्यंत मृत समजून उपटू नये.